लॉर्ड सँडहर्स्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या जुन्या नावांबद्दल लिहायला लागल्यापासून ज्या एका माणसाबद्दल सर्वात जास्त विचारणा होते, तो हा. बहुतेकांना त्याची फक्त पाच वर्षं माहीत असतात, प्लेगची. पण हाडाचा तो दरबारी माणूस होता. त्याची बरीच वर्षं विंडसर आणि बकिंगहॅम या राजवाड्यांच्या भोवती गेली. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात सांगितलेली नाही, नुसता क्रमांक दिला आहे.

१. सँडहर्स्ट रोड स्टेशनचा सँडहर्स्ट नेमका कोण?

विल्यम मॅन्सफिल्ड, दुसरा बॅरन सँडहर्स्ट. जन्म २१ ऑगस्ट १८५५, मृत्यू २ नोव्हेंबर १९२१. फेब्रुवारी १८९५ ते फेब्रुवारी १९०० या काळात तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. पुढे १९१२ पासून अखेरपर्यंत पाचव्या जॉर्जच्या दरबारात लॉर्ड चेंबरलेन. १९१७ मध्ये त्याला व्हायकाउंट केलं गेलं, त्यामुळे काही पुस्तकांत 'व्हायकाउंट सँडहर्स्ट' सापडतो. माणूस एकच. मात्र १८९७ च्या प्रसंगात त्याला व्हायकाउंट म्हणणं चूक आहे. तेव्हा तो साधा बॅरन होता.

२. सँडहर्स्ट म्हणजे ती लष्करी अकादमी ना? तिला याचं नाव दिलंय का?

नाही, उलटंही नाही. सँडहर्स्ट हे इंग्लंडच्या बर्कशायरमधलं गाव. अकादमीला नाव मिळालं ते गावावरून आणि पदवीतही गाव तेच. याचा बाप, जनरल सर विल्यम रोझ मॅन्सफिल्ड, तिथल्याच लष्करी कॉलेजात शिकलेला. १८५७ च्या उठावात तो कॉलिन कॅम्पबेलचा चीफ ऑफ स्टाफ होता, मग मुंबईच्या फौजेचा प्रमुख झाला आणि १८६५ ते १८७० हिंदुस्थानचा सरसेनापती. १८७१ मध्ये त्याला बॅरन केलं तेव्हा पदवीसाठी 'सँडहर्स्ट' हे नाव घेतलं. म्हणजे मुंबईला हे घराणं नवं नव्हतं. बाप इथे फौज सांभाळून गेला होता आणि तीस वर्षांनी मुलगा राज्य करायला आला.

३. मग आडनाव कोणतं? सही काय करायचा?

आडनाव मॅन्सफिल्ड, सही नुसती 'सँडहर्स्ट'. ब्रिटिश उमराव पदवीच्याच नावाने सही करतात, नाव-आडनाव लिहीत नाहीत. 'लॉर्ड विल्यम सँडहर्स्ट' असं काही ठिकाणी छापलेलं दिसतं, तेही चूक. 'लॉर्ड' पुढे स्वतःचं नाव लागतं ते ड्यूक किंवा मार्क्विसच्या धाकट्या मुलांच्या. हा बॅरन, त्यामुळे नुसता लॉर्ड सँडहर्स्ट.

४. वंशपरंपरागत उमराव म्हणजे आपल्याकडचे जहागीरदारच का?

वरवर सारखं वाटतं, पण जहागिरीला जमीन चिकटलेली असते आणि ब्रिटिश पदवीला ती असायलाच हवी असं नाही. पदवी म्हणजे राजाच्या सनदेने मिळालेला मान. त्या काळी तिच्यासोबत हाउस ऑफ लॉर्ड्समधली जागा आपोआप येई. पायऱ्या खालून वर अशा: बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस, ड्यूक. सँडहर्स्ट सर्वात खालच्या पायरीवर जन्मला आणि एकच पायरी चढला.

बाप वारला जून १८७६ मध्ये. मुलगा तेव्हा वीस वर्षांचा, रग्बीच्या शाळेतून निघून कोल्डस्ट्रीम गार्ड्स या पलटणीत रुजू झालेला. पदवी त्याच दिवशी मिळाली, पण सभागृहात बसायला एकवीस पूर्ण लागत. दोन महिने थांबला की निवडणूक नाही, प्रचार नाही, जन्मभरासाठी कायदेमंडळाचा सभासद. ही आपोआप मिळणारी जागा १९९९ च्या कायद्याने बंद झाली. तेव्हा शेकडो वंशपरंपरागत उमरावांतून फक्त ९२ ठेवले गेले.

५. लॉर्ड-इन-वेटिंग म्हणजे काय? नुसता उभा राहणारा?

शब्दावरून तसं वाटतं खरं! १८८० ते १८८५ सँडहर्स्ट या पदावर होता, लिबरल पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या सरकारात. पद दरबारातलं, नेमणूक मात्र राजकीय. पाळीपाळीने राणीच्या तैनातीला राहायचं, पाहुण्यांचं स्वागत करायचं, आणि लॉर्ड्समध्ये सरकारच्या बाजूने बोलायचं. सरकार पडलं की तैनातही संपली. १८७९ मध्ये फौज सोडलेल्या तरुण लिबरल उमरावाला यातून दोन गोष्टी शिकायला मिळाल्या: राजवाड्यात कसं वागायचं, आणि दुसऱ्याने लिहिलेलं सरकारी उत्तर सभागृहात शांतपणे कसं वाचायचं. दुसरीचा मुंबईत फार उपयोग झाला, असं माझं मत आहे.

६. चाळिशीही न गाठलेल्या माणसाला मुंबई इलाखा कसा दिला?

१८८६ मध्ये आणि पुन्हा १८९२ ते १८९५ तो युद्धखात्याचा उपमंत्री होता. मंत्री कॅम्पबेल-बॅनरमन कॉमन्समध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात बसत, म्हणून लॉर्ड्समध्ये खात्याची बाजू हा मांडायचा. मुंबई आणि मद्रासची गव्हर्नरपदं इंग्लंडातून थेट भरली जात, बहुतेक वेळा उमरावांतूनच. सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेल्या इलाख्यासाठी स्थानिक भाषा यावी किंवा इथला अनुभव असावा अशी अट नव्हती. रोझबरीच्या लिबरल सरकारने त्याला पाठवलं तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. त्याच्या आधीचा गव्हर्नर लॉर्ड हॅरिस क्रिकेटसाठी प्रसिद्ध होता, तेव्हा हा निदान खात्याचं काम केलेला तरी होता! गंमत म्हणजे हा इथे पोचून काही महिने होतात तोच तिकडे त्याचा पक्ष सत्तेवरून गेला आणि उरलेली साडेचार वर्षं त्याने विरोधी पक्षाच्या भारतमंत्र्याच्या हाताखाली काढली.

७. प्लेगच्या वेळी सँडहर्स्टने नेमकं काय केलं?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला. सुरुवातीला कोणी मानेना. मग शहर रिकामं व्हायला लागलं, आगबोटी आणि आगगाड्या भरून माणसं गावाकडे पळाली. परदेशी बंदरं मुंबईचा माल अडवतील ही सरकारची खरी धास्ती होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि इलाख्याच्या सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. घर तपासा, माणूस उचला, सामान जाळा, जमीन खणा, छप्पर उघडा. (कोविडमध्ये आपण याच कायद्याचं नाव पुन्हा ऐकलं.)

मुंबईत ब्रिगेडियर जनरल गॅटेकरच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी झाली. गॅटेकर लष्करी माणूस असूनही वस्त्यांतल्या पुढाऱ्यांना बरोबर घेऊन चालला, म्हणून तिथे तुलनेने कमी भडका उडाला. तरी मार्च १८९८ मध्ये जुलाहा (विणकर) वस्तीत घरतपासणीवरून दंगल झालीच. पुण्याची कथा वेगळी, ती पुढच्या उत्तरात.

८. रँडला पुण्यात त्यानेच नेमलं का? मग अत्याचारांचा दोष त्याचा का नाही?

या प्रश्नात सर्वात जास्त चीड असते, आणि ती रास्त आहे.

डब्ल्यू. सी. रँड हा साताऱ्याचा असिस्टंट कलेक्टर. १८९७ मध्ये मुंबई सरकारने त्याला पुण्याच्या प्लेग कमिटीचा अध्यक्ष केलं आणि सरकार म्हणजे गव्हर्नर आणि त्याचं कौन्सिल. १३ मार्चपासून १९ मेपर्यंत सोल्जरांच्या तुकड्या शहरात घरोघर शिरल्या. डरहॅम लाइट इन्फन्ट्रीचे गोरे शिपाई बुटांसकट स्वयंपाकघरात, देवघरात. बायकांना दारात आणून काखा-जांघा तपासणं. आजारी एकाला प्लेगच्या इस्पितळात नेलं की घरातल्या बाकीच्यांना वेगळ्या छावणीत. मागे उरलेल्या घराला चुना आणि रस्त्यावर पेटलेल्या गोधड्या. पंडिता रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, सरकारला मुळीच परक्या नव्हेत, पण त्यांनीसुद्धा वर्तमानपत्रात जाहीर तक्रार केली.

सँडहर्स्ट पुण्याच्या गल्लीत काठी घेऊन उभा नव्हता. सरकारी कागद वाचले तर सूचना सभ्य दिसतात: बायकांची अब्रू सांभाळा, चालीरीतींचा मान राखा. माझं मत विचाराल तर हीच अडचण आहे. दरबारी शिष्टाचारात मुरलेल्या माणसाला वाटलं की कागदावर सभ्यपणा लिहिला म्हणजे तो घडतो. तक्रारी आल्या तेव्हा त्याच्या सरकारने तक्रारदारांवर संशय घेतला. रँडला त्याने क्रूरपणासाठी नेमलं असं म्हणायला आधार नाही. पण नेमणूक त्याची, फौज त्याच्या हुकमाने आलेली, आणि थांबवण्याचा अधिकारही त्याचाच. दोष त्याच्या खुर्चीपासून दूर ढकलता येत नाही.

९. २२ जून १८९७ ला समारंभ नक्की कुठे होता?

गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाउसवर. पावसाळ्यात गव्हर्नर पुण्याला मुक्कामाला येत, त्यांचाच तो वाडा. आज ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. खुद्द सावित्रीबाई त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून रात्री बग्ग्या परत निघाल्या, 'गोंद्या आला रे'ची हाळी झाली आणि पुढचं सर्वांना ठाऊक आहे. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ ला फाशी गेले. वासुदेव चापेकर, महादेव रानडे आणि बाळकृष्ण चापेकर मे १८९९ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत. ही चारही फाशी सँडहर्स्टच्याच कारकिर्दीतली.

१०. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' या अग्रलेखामुळे त्याने टिळकांना तुरुंगात टाकलं ना?

हा गैरसमज पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. शाळेत मलाही असंच सांगितलं होतं. तो अग्रलेख जुलै १८९७ मधला, खुनानंतर पुण्यावर जी सरकारी दडपशाही झाली तिच्यावरचा. राजद्रोहाचा खटला उभा राहिला तो १५ जूनच्या 'केसरी'तल्या शिवाजी उत्सवाच्या मजकुरावर, म्हणजे गोळ्या झाडल्या जाण्याच्या आठवडाभर आधी छापलेल्या. या कलमाखाली सरकारच्या परवानगीशिवाय खटला भरता येत नसे आणि ती परवानगी सँडहर्स्टच्या सरकारने दिली. २७ जुलैला अटक, १४ सप्टेंबरला न्या. स्ट्रेचीने अठरा महिने सुनावले. ज्यूरीत सहा युरोपियन दोषी म्हणाले, तीन हिंदी निर्दोष.

एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. टिळक १८९५ पासून मुंबई कायदे कौन्सिलचे निवडून आलेले सभासद होते आणि त्या कौन्सिलचा अध्यक्ष गव्हर्नर. दोघे एकाच दालनात बसलेले. एक मतांवर तिथे आलेला, दुसऱ्याला अशा जागेसाठी मत कधी मागावंच लागलं नव्हतं (प्र. ४). ६ सप्टेंबर १८९८ ला टिळकांना मुदतीआधी सोडलं तेही याच सरकारने, अटी घालून.

११. नातूबंधूंवर खटलाच झाला नाही, हे खरं का?

खरं. पुण्याचे सरदार बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू यांना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली उचललं. आरोप नाही, सुनावणी नाही. सत्तर वर्षं जुनं कंपनी सरकारच्या काळातलं हत्यार एका लिबरल गव्हर्नरने बाहेर काढलं, यावर खुद्द इंग्लंडातही टीका झाली.

१२. गोखल्यांनी माफी मागितली ती याचीच का?

हो. गोखले तेव्हा विलायतेत हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी सोल्जरांच्या अत्याचारांबद्दल तिथल्या वर्तमानपत्रात सांगितलं. परतल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी गव्हर्नर, प्लेग कमिटी आणि शिपायांची बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांना यावरून वर्षानुवर्षं टोमणे खावे लागले. अब्रूच्या गोष्टीत साक्षीला कोण उभं राहणार, हा विचार मात्र टोमणे मारणाऱ्यांनी फारसा केला नाही.

१३. मुंबईसाठी त्याने काही चांगलं केलं की नाही?

दोन गोष्टी. पहिली, हाफकीनची प्रयोगशाळा. वाल्डेमार हाफकीनने जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. जागा अपुरी पडायला लागली तेव्हा परळचं जुनं गव्हर्नमेंट हाउस प्रयोगशाळेला देण्यात आलं. एका गव्हर्नरची बायको तिथे कॉलऱ्याने गेली होती आणि तेव्हापासून गव्हर्नरांनी मलबार पॉइंट गाठलं होतं. १० ऑगस्ट १८९९ ला सँडहर्स्टने उद्घाटन केलं. हीच पुढे हाफकीन इन्स्टिट्यूट.

दुसरी, १८९८ चा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढायचे, समुद्राचा वारा आत येऊ द्यायचा, अशी कल्पना. चौपाटीकडून गिरगावमार्गे डोंगरीकडे जाणारा सँडहर्स्ट रोड त्यातूनच निघाला. पण ज्यांची घरं त्या वाऱ्यासाठी पाडली, त्यातल्या पुष्कळांना नव्या चाळींचं भाडं परवडलं नाही.

१४. एवढं होऊन परत गेल्यावर त्याला काही शिक्षा, निदान ठपका?

छे! १९०० मध्ये जी.सी.एस.आय. हा हिंदुस्थानातल्या सेवेसाठीचा वरचा किताब मिळाला. गुजरातेत भीषण दुष्काळ चालू असताना तो बोटीत बसला आणि लॉर्ड नॉर्थकोट गादीवर आला. पुढे १९०७ ला प्रिव्ही कौन्सिलर (राजाच्या सल्लागार मंडळाचा सभासद), १९०८ पासून लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळाचा खजिनदार, आणि १९१२ मध्ये लॉर्ड चेंबरलेन.

१५. लॉर्ड चेंबरलेन काय करतो? आणि तो नेव्हिल चेंबरलेनचा कोण?

कोणी नाही. ते आडनाव, हे पद. लॉर्ड ग्रेट चेंबरलेन हाही आणखी वेगळा. त्याचं पद काही घराण्यांत वंशाने चालतं आणि संबंध येतो वेस्टमिन्स्टरच्या वाड्याशी.

सँडहर्स्टचं पद म्हणजे राजाच्या घरचा मुख्य कारभारी. आपल्या जुन्या दरबारांतला खासगी कारभारी आठवा, त्यात थोडा चोपदार मिसळा. निमंत्रणं, दरबार, शाही लग्नं, परदेशी पाहुणे, दुखवट्याचा पोशाख, सगळं त्याच्या कचेरीतून ठरे. मुलीला पहिल्यांदा राणीपुढे आणायचं तर डोक्यात तीन पांढरी पिसं हवीत, मागे झगा अमुक लांबीचाच हवा. घटस्फोटितेला दरबार बंद. हातात पांढरी काठी, आणि राजाच्या पुढून चालायचं तर पाठमोरं नाही, तोंड राजाकडे ठेवून उलट्या पावलांनी. राजा वारला की ती काठी शवपेटीवर मोडायची. २०२२ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथच्या अंत्यविधीत हे आपण टीव्हीवर पाहिलं. सँडहर्स्टवर ती वेळ आली नाही, राजा त्याच्यामागे चौदा वर्षं जगला.

तेव्हा हे पदही सरकारबरोबर बदलणारं होतं. तरी पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ गेला, लॉइड जॉर्ज आला, सँडहर्स्ट राहिला.

१६. नाटकांची कात्री याच्याच हातात होती म्हणे?

होती. १७३७ पासून १९६८ पर्यंत इंग्लंडात नवं नाटक रंगमंचावर आणायला लॉर्ड चेंबरलेनचा परवाना लागे. वाचायला परीक्षक होते, जबाबदारी याची. इब्सेनच्या 'गोस्ट्स'ला अनेक वर्षं नाकारलेला परवाना १९१४ मध्ये याच्या काळात मिळाला. त्याच वर्षी शॉच्या 'पिग्मॅलियन'मधली नायिकेच्या तोंडची शिवीही सुटली. शॉच्याच 'मिसेस वॉरेन्स प्रोफेशन'ला मात्र हा असेपर्यंत परवाना नव्हता. तिकडे ही पद्धत गेली, आपल्याकडे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहेच.

१७. त्याची आई बायकांच्या हक्कांसाठी लढली, हे खरं का?

खरं, आणि मला या घराण्यातली सर्वात आवडती व्यक्ती तीच. मार्गारेट, लेडी सँडहर्स्ट. १८८९ मध्ये ती लंडन काउंटी कौन्सिलवर ब्रिक्स्टनमधून निवडून आली. हरलेला उमेदवार कोर्टात गेला आणि कोर्टाने ठरवलं की बाईला ते पद धरताच येत नाही. घराण्यात मतं मागून जिंकलेली एकटी आई, तिची जागा गेली. न मागता मिळालेली मुलाची जागा शाबूत.

४ जून १९१४ च्या रात्री बकिंगहॅम पॅलेसमध्ये मेरी ब्लोमफिल्ड नावाची तरुणी रांगेतून राजा-राणीपुढे आली, गुडघ्यावर बसली आणि मोठ्याने म्हणाली की तुरुंगातल्या बायकांना जबरदस्तीने अन्न भरवणं थांबवा. तिला तिथून बाहेर नेण्यात आलं आणि दरबार पुढे चालू राहिला. ज्या कचेरीने तिला आमंत्रण धाडलं, तिचा प्रमुख लेडी सँडहर्स्टचा मुलगा होता. आई तोवर बावीस वर्षांपूर्वी वारली होती.

१८. प्रिन्सेस डायनाशी नातं आहे असं वाचलं. अफवा?

अफवा नाही, नातं लांबचं आहे, लग्नाचं. पहिली बायको लेडी व्हिक्टोरिया स्पेन्सर ही चौथ्या अर्ल स्पेन्सरची मुलगी. तिचा सख्खा भाऊ चार्ल्स, सहावा अर्ल, हा डायनाचा पणजोबा. म्हणजे सँडहर्स्ट डायनाच्या पणजोबांचा मेहुणा. १९१२ पर्यंत लॉर्ड चेंबरलेन होता तोही हाच चार्ल्स. पांढरी काठी मेहुण्याकडून मेहुण्याकडे आली. घराणेशाही फक्त आपल्याकडेच आहे असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. व्हिक्टोरिया १९०६ मध्ये गेली. १९०९ मध्ये त्याने कवी मॅथ्यू अर्नोल्डच्या विधवा मुलीशी, एलिनॉरशी लग्न केलं.

१९. एक पदवी संपली आणि एक चालू राहिली, असं कसं?

सनद कुणाच्या नावावर, त्यावर सगळं. व्हायकाउंटपद १९१७ मध्ये विल्यमला मिळालं, ते त्याच्या मुलांकडेच जाणार. त्याला मूल नव्हतं, १९२१ मध्ये पद संपलं. बॅरनपद १८७१ मध्ये बापाला मिळालेलं, म्हणून ते बापाच्या दुसऱ्या मुलाकडे, जॉनकडे गेलं आणि त्या वंशात आजही आहे. आपल्याकडे भाऊ वारस होतो तसंच वाटतं, पण इथे भाऊ भावाचा वारस झालेला नाही, बापाचा झालाय. मुलींचा यात कुठेच हिशेब नाही.

२०. स्टेशनचं नाव बदललं का?

२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सँडहर्स्ट रोडचं 'डोंगरी' करायला मंजुरी दिली, त्याच यादीत करी रोडचं लालबाग आणि चर्नी रोडचं गिरगाव होतं. स्टेशनच्या नावाला पुढे केंद्राचीही संमती लागते. रस्त्याचं नाव मात्र कधीच सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झालंय. पत्ता शोधत असाल तर टॅक्सीवाल्याला 'एसव्हीपी रोड' सांगा. सँडहर्स्ट म्हणालात तर तो तुम्हाला स्टेशनाशी सोडेल.